भरीत न खाणारी सून

खानदेशात माणूस दारू पीत नाही म्हटलं तर लोक कौतुक करतात, मटण खात नाही म्हटलं तर समजून घेतात. भरीत खात नाही म्हटलं की मात्र आधी गप्प होतात आणि मग विचारतात, "मूळ गाव कोणतं?" अशा मुलखात मी माझ्या मामेभावासाठी जी मुलगी सुचवली, ती वांगं तोंडात घालत नव्हती. हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. मी तिची गुणपत्रिका पाहिली होती, ताट नव्हतं पाहिलं.

ती माझी विद्यार्थिनी. जळगावच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि माझा विषय अल्कलॉइड. म्हणजे झाडं स्वतःच्या संरक्षणासाठी अंगात जी कडू द्रव्यं तयार करतात ती. चहातलं तरतरी आणणारं द्रव्य त्यातलंच, तंबाखूतलं निकोटीन त्यातलंच, आणि जीव घेणारी कित्येक विषंही त्यातलीच. चहातलं कोणी लक्षात ठेवत नाही. सगळ्या नातेवाइकांत माझं नाव पडलंय 'विषवाली'. कोणाकडे गेले आणि हौसेनं चहा टाकला, तर घरातले लोक आधी माझ्या पहिल्या घोटाची वाट बघतात. नवरा तर आमटीचं पातेलं उघडून रोज विचारतो, "रिपोर्ट आला का?" पंचवीस वर्षं तोच विनोद. मी आता हसतसुद्धा नाही.

तर या मुलीनं माझ्याकडे एमएस्सीचा प्रबंध केला तो कळलावीवर. सातपुड्याच्या बाजूला कुंपणावर चढणारा हा वेल, फूल असं की ज्वाळाच पेटल्यात, आणि कंद जहाल विषारी. त्यात कोल्चिसीन नावाचं अल्कलॉइड असतं. मापात दिलं तर सांधेदुखीवर औषध, माप चुकलं की माणूस हातचा गेला. जुन्या सुइणी बाळंतकळा लागाव्यात म्हणून ती वापरायच्या, म्हणून नाव कळलावी. पण आपल्या बोलण्यात कळलावी म्हणजे दुसरीच. इकडचं तिकडं सांगून घराघरांत भांडणं लावणारी बाई. फूलसुद्धा घरात आणू नये म्हणतात, भांडण होतं. या पोरीनं प्रबंधाच्या मुखपृष्ठावर त्या फुलाचा पानभर रंगीत फोटो छापला. मी म्हटलं होतं, बाई, साधं ठेव. ऐकेल तर ती माझी विद्यार्थिनी कसली.

लग्नानंतर तो प्रबंध तिच्याबरोबर सासरी गेला. भडगावजवळ गिरणेच्या काठी मामाचं गाव. गाव त्याला नाना म्हणतं. मामा पडला प्रयोगशील शेतकरी. केळीच्या बागेत भजनं लावून घड मोठे होतात का, हे त्यानं पाहिलंय. केळी होत्या तेवढ्याच राहिल्या, चोरी मात्र थांबली. प्रबंध त्याला इतका आवडला की त्यानं तो बैठकीतल्या काचेच्या कपाटात, शेतीत मिळालेल्या ढालींच्या शेजारी उभा करून ठेवला. फूल बाहेरून दिसेल असा.

गेल्या चंपाषष्ठीची गोष्ट. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य. ते सुटतं चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. त्या दिवशी घरात तिघंच होती. मामा, मामी आणि सून. मामेभाऊ भुसावळला रेल्वेत, त्याची ड्युटी होती. मामानं खळ्यावर कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून वांगी भाजली, मामीनं ठेचली, सुनेनं फोडणी दिली. नैवेद्य दाखवला, रिवाजाप्रमाणे दारातल्या कुत्र्याला घातला, आणि नवरा-बायको जेवली. सुनेनं वरण-भात खाल्ला.

दुपारनंतर मामा अंगणात उभा राहून ट्रॅक्टर मागे घ्यायला लागला. "येऊ दे, येऊ दे, डावीकडं काट," असं हात हलवून हलवून. अंगणात ट्रॅक्टर नव्हता. शेजारचा एकजण बराच वेळ बाजूला सरकून उभा राहिला, म्हणजे बघा. मामीचं तोंड कोरडं पडलेलं, चेहरा लाल, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या. ती चुलीपुढं बसून समोर कोणीच नसताना वाढत होती आणि वाढता वाढता भांडत होती. दारातलं कुत्रं तुळशीवृंदावनाला धडका मारत होतं. सून एकटी. तिनं शेजारच्या पोराचा टेम्पो बोलावला, दोघांना मागे बसवलं, शेजारच्या काकूला बरोबर घेतलं आणि तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होता, कोकणातला, नवीनच आलेला. त्यानं उपचार चोख केले, हे आधी सांगते. पण त्यानं विचारलं, काय खाल्लं, कोणी दिलं? मामी बरळत होती, "कळलावी शे ती. बठ्ठा घरले कळ लाई दिनी." म्हणजे सगळ्या घराला तिनं कळ लावली. डॉक्टरला अहिराणी कळेना, पण वनस्पतींची नावं त्याला पाठ. त्यानं शेजारच्या काकूला विचारलं, कोणाबद्दल बोलतायत? काकू म्हणाली, आता कोणाबद्दल असणार, सुनेबद्दल. झालं! कागदावर आलं की, कळलावी हे विष पोटात गेल्याचा संशय, सुनेनं दिल्याचं पेशंट सांगते. विषाचा संशय म्हटल्यावर पोलिसांना कळवणं त्याला भागच होतं.

मामेभावाचा फोन आला. मी गाडी काढली आणि जळगावहून सरळ दवाखान्यात गेले. मामा-मामी सलाइन लावून झोपलेली, धोका टळलेला. बाहेर बाकड्यावर सून बसलेली आणि तिच्यासमोर हवालदार, हातात प्रबंध. घरी जाऊन काचेच्या कपाटातून तो घेऊन आला होता.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"सगळं?"

"संदर्भ सोडून."

माझ्या विद्यार्थिनीचा प्रामाणिकपणा बघून मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हवालदार बिचारा साधा माणूस. तो म्हणाला, मॅडम, मी काय करू, पेशंट म्हणते कळलावी, डॉक्टर म्हणतात कळलावी, आणि सूनबाईंनी कळलावीवर शंभर पानं लिहिलीत. शिवाय जेवल्या त्या दोघांच्यात, आणि भरीत तेवढं खाल्लं नाही. मी म्हटलं, ती कधीच खात नाही. तो म्हणाला, "खानदेशात राहून?" आणि त्यानं ते लिहूनही घेतलं.

मी डॉक्टरला गाठलं. म्हटलं, अहो, कळलावीनं तासन् तास उलट्या-जुलाब होतात, माणूस पिळून निघतो. याच्यात एक तरी उलटी आहे का? इथं तोंड कोरडं, बाहुल्या फाकलेल्या, माणूस हवेत दोरे वेचतोय. हा तर धोतरा. तो म्हणाला, मलाही तसंच वाटत होतं, उपचारही तेच केले, पण घरच्यांनीच नाव घेतलं ना.

खरी पंचाईत पुढं झाली. शुद्धीवर आल्यावर मामीला काही म्हणजे काही आठवेना. धोतऱ्याचं तसंच असतं, मधला काळ पुसूनच जातो. गावातून भेटायला आलेल्या बायकांनी तिला सांगितलं की अक्का, तू सुनेचं नाव घेतलंस. आणि कोणीतरी पुढचं टोक जोडलं की चंपाषष्ठीचा दिवस, तोंडात नैवेद्याचं भरीत, म्हणजे बोलली ती अक्का नव्हेच, खंडोबाच बोलला. मामी चांगली बाई, पण भाबडी. देवच आपल्या तोंडून बोलला म्हटल्यावर खोटं कसं असेल? तिनं सुनेच्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं. सगळ्या गावात झालं की सूननी इख घालं, सुनेनंच विष घातलं. सुनेनं माहेरी फोन केला, बॅग भरली. मामेभाऊ भुसावळहून आला आणि आई आणि बायकोच्या मधल्या खुर्चीत बसून राहिला. रेल्वेत असून त्याला एक सिग्नल देता येत नव्हता.

मी तिला बाजूला घेऊन फैलावर घेतलं. म्हटलं, अगं, टेम्पोत तू होतीस ना, मामी काय बरळली ते सगळं ऐकलंस ना, मग तोंड उघड की. ती म्हणाली, "मला सांगायचं नाही, मॅडम." लग्न होऊन नणंद-भावजय झालो तरी ती मला मॅडमच म्हणते. एवढा संताप आला! स्वतःचा संसार मोडायला निघालाय आणि बाईसाहेबांना सांगायचं नाही.

पोलिसांनी नमुना सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवला होता, पण तो अहवाल यायचा तेव्हा येणार. तोवर पोरीची अब्रू चव्हाट्यावर. फ्रीजमध्ये डब्यात उरलेलं भरीत होतं, ते घेऊन मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. माझ्या तपासणीला कोर्टात काडीची किंमत नाही हे मला ठाऊक होतं, पण मामीच्या बैठकीत असेल अशी आशा होती. काचपट्टीवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर असतो. त्याच्या तळाशी तीन ठिपके दिले. एक भरिताच्या अर्काचा, एक कोल्चिसीनचा, एक धोतऱ्यातल्या अॅट्रोपिनचा. पट्टी द्रावणात उभी केली की जो तो आपापल्या उंचीपर्यंत चढतो, वर रसायन फवारलं की नारिंगी डाग उठतो. कोल्चिसीनची बाटली याच मुलीच्या प्रबंधाच्या वेळची उरलेली होती, झाकणावर तिचंच अक्षर. भरिताचा डाग उठला तो बरोब्बर अॅट्रोपिनच्या शेजारी. खात्रीसाठी दुसरी परीक्षा केली, तिला जांभळा रंग यावा लागतो. आला. थोडा माझ्या साडीवरही आला, पण त्या दिवशी साडीचं सुद्धा मला काही वाटलं नाही.

मी विजयी मुद्रेनं मामाच्या घरी गेले. बैठकीत मामी, शेजारच्या काकू आणि चार बायका. मी उभं राहून सांगितलं की हे कळलावी नाहीच, धोतरा आहे, मशीननं नाही, मी स्वतःच्या हातानं तपासलंय. मामीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग धोतरा घातला असेल.

मी खालीच बसले. तीस वर्षं रसायन शिकून मी फक्त विषाचं नाव बदललं होतं, घालणारीचं नाही.

पण एक गोष्ट मला टोचत होती. भरीत मी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिवडलं होतं. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं, त्यावरूनच पूर्वीचे ठग वाटसरूंना फसवायचे, आणि फरक ओळखणं हा आमचा पहिलाच धडा. भरितात मिरचीचं बी होतं, वांग्याचं होतं, धोतऱ्याचं एकही नव्हतं. पानाचा तुकडा नाही, काही नाही. शिवाय ते कुत्रं! नैवेद्य आधी निघाला होता, नंतर पानं वाढली. सासू-सासऱ्यांशी वैर समजू शकतं, सुनेचं कुत्र्याशी काय वाकडं होतं? मी मामाला विचारलं, वांगी कुठली? मामा एकदम खुलला. म्हणाला, चल, दाखवतो, तू तर शास्त्रातली, तुला कौतुक वाटेल.

शेतात नेहमीच्या वांग्यांपासून लांब, तुरीच्या आड, एकच वेगळी ओळ होती. इतर झाडांना मर रोग लागून माना टाकलेल्या, ही मात्र टवटवीत. मामा छाती फुगवून म्हणाला की याला मर लागूच शकत नाही, हा त्याचा गुप्त प्रयोग. पुढच्या आठवड्यात कृषी खात्याची माणसं शिवारफेरीला येणार, तेव्हा जाहीर करणार. पहिला तोडा देवाला म्हणून घरी आणला, बाजारात अजून एक फळ नेलं नव्हतं. मी खाली वाकले. खोडावर वितभर उंचीवर कलमाची गाठ होती. गाठीच्या वर वांगं. गाठीखालून एक चुकार फांदी फुटली होती आणि तिला पांढरं, कर्ण्यासारखं फूल आलं होतं.

धोतऱ्याच्या मुळावर वांग्याचं कलम! विष तयार होतं मुळात, तिथून चढतं वर, थेट फळात. मी विचारलं, मामा, हे तुला सांगितलं कोणी? तर म्हणे, सूनबाईनी. गेल्या वर्षी सगळ्यांनी भरीत खायचा आग्रह केला तेव्हा पोरगी सुटका करून घ्यायला म्हणाली होती की नाना, वांगं आणि धोतरा एकाच घराण्यातले. बाकीच्यांना तो बहाणा वाटला. मामाला वाटलं, एकाच घराण्यातले म्हणजे सोयरीक जमायला हरकत नाही.

"मामा," मी म्हटलं, "सगोत्र लग्न लावलंस तू."

आधी त्याला हसू आलं. मग मी त्याला त्या अंगणातल्या ट्रॅक्टरपासून सगळं समजावलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. हे सांगितलं तर गाव वर्षभर हसणार होतं, शिवारफेरी गेली, ढाली गेल्या. नाही सांगितलं तर सून जाणार होती. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. या माणसाला मी लहानपणापासून ओळखते, हार मानणं त्याच्या रक्तात नाही. तो घराकडे निघाला, मी मागे. ओट्यावर व्याही येऊन बसले होते, बॅग दारात होती, बायका होत्या, जबाबाला आलेला हवालदार होता. मामानं टोपी काढून हातात घेतली.

"आयका बठ्ठा. इख मी घालं. मन्हा कलमनं इख शे ते. पोरनी काहीच नही करं."

कोणी हसलं नाही. हवालदारानं तेवढं विचारलं की कलम म्हणजे कोणतं कलम, कायद्याचं का? त्याला शेतात नेऊन दाखवावं लागलं. मग त्यानं सगळं नीट लिहून घेतलं, नमुन्याला दोन वांगीही घेतली, आणि जाताना प्रबंध परत केला.

ती ओळ उपटायला सून आणि मीच गेलो. तोंडाला ओढणी, हातांना पिशव्या बांधलेल्या. तेव्हा मी तिला पुन्हा विचारलं, कारण मला चैन पडत नव्हतं. मामीनं देवाच्या नावानं का होईना, तुझंच नाव का घ्यावं? ती खोड ओढता ओढता म्हणाली, "माझं घेतलंच नव्हतं, मॅडम. त्या त्यांच्या सासूबद्दल बोलत होत्या."

मामीची सासू म्हणजे माझी आजी. मला मांडीवर घेऊन खडीसाखर देणारी. तिला जाऊन किती वर्षं झाली. मामीनं जन्मभर सासूला उलट उत्तर दिलं नाही, हे गावातल्या प्रत्येक नव्या नवरीला ऐकवलं जातं. त्या टेम्पोत मात्र मामीनं सगळं बाहेर काढलं. पहिल्या बाळंतपणात तूप कपाटात बंद करून ठेवलं ते. शेजारणींना खोटंनाटं सांगून नवऱ्याच्या मनात भरवलं ते. बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा कापूस वेचून होईपर्यंत माहेरी जाऊ दिलं नाही, आणि ती पोचली तेव्हा चितेची राख झालेली होती, ते. काकू पुढं ड्रायव्हरशेजारी होती, तिच्या कानावर फक्त दवाखान्याच्या दारातलं शेवटचं 'कळलावी' आलं. सगळं ऐकलं ते या पोरीनं, मामीचं डोकं मांडीवर घेऊन.

मी म्हटलं, अगं, मग एवढं एक वाक्य सांगितलं असतंस तर त्याच दिवशी सुटली असतीस. ती म्हणाली, "आणि अक्कांनी गावात तोंड कसं दाखवलं असतं?" मला रडू आलं. हातांना पिशव्या होत्या, डोळेही पुसता येईनात.

संध्याकाळी मामीनं स्वयंपाक केला. शेवेची भाजी, आणि वांग्याचं नावसुद्धा नाही. आम्ही सगळे पानांवर बसलो तरी ती वाढेना. तवा चुलीवरून उतरवला आणि सुनेसमोर येऊन बसली.

"मी तुले कळलावी म्हनं, बेटा. माले काहीच याद नही. आखो काय काय बोलनू मी?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. माझ्याच्यानं वर बघवेना.

"मला नाही म्हणालात, अक्का," सून म्हणाली. "वांग्याला म्हणत होतात. आणि सारखं पाणी मागत होतात, बाकी काही नाही."

मामी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला कळलं. तिनं पदरानं नाक पुसलं, उठली, आणि पहिली भाकरी, जी त्या घरात कायम मामाच्या ताटात पडते, ती सुनेच्या ताटात वाढली.

"अन माले?" मामा म्हणाला.

"तुम्ही थांबा," मामी म्हणाली.